राडा झाला की राडा केला?

विमलबाई पुंड यांची आणि माझी पहिली भेट झाली, तेव्हा मी आरोपी क्रमांक सात होते.

बाईंच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांचे सहकारी लिहितील, नाशिकच्या मुलींच्या शाळेत त्यांच्याकडून मराठी शिकलेल्या विद्यार्थिनी लिहितील, बोलींचे अभ्यासकही लिहितील. त्या सर्वांची बाईंशी ओळख वर्गात, ग्रंथालयात किंवा एखाद्या सभेत झाली असणार. माझी ओळख एका वकीलबाईंच्या ऑफिसातल्या लाकडी बाकावर झाली. त्यामुळे माझा लेख इतरांच्या पंगतीत जरा वेगळा बसेल, त्याबद्दल संपादकांची आधीच क्षमा मागते.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट आहे. दिंडोरीच्या पलीकडे आमचे गाव. गावाच्या शिवारातून एका मोठ्या द्राक्षबागेला पाणी नेणारी पाइपलाइन गेली होती आणि तिच्यावरून गावच्या हौदाला एक तोटी मिळालेली होती. एका उन्हाळ्यात ठेकेदाराचा मुकादम ती तोटी बंद करायला आला. वीस-पंचवीस माणसे जमली. आवाज चढले, हे मी कबूल करते. माझाही चढला होता. मुकादमाने पाना लावला, आमच्यातल्या दोघांनी पाना धरला, आणि त्या ओढाताणीत जुनाट पाइपच फुटला. काळ्या मातीत पाण्याचा लोंढा आला. एक घसरला, त्याने दुसऱ्याला धरले, दुसऱ्याने तिसऱ्याला. पाहता पाहता अर्धे गाव जमिनीवर होते. मुकादमही पडला आणि त्याचे मनगट मोडले. आम्हीच त्याला ट्रॅक्टरमध्ये घालून दवाखान्यात नेले.

दोन दिवसांनी कळले की त्याने तक्रार दिली आहे: जमावाने दंगा केला, मला खाली पाडून मारले. अकरा नावे होती. बाकीच्या दहा जणांची नावे अर्धवट होती, कुणाचे टोपणनाव, कुणाचे नुसते आडनाव. माझे मात्र वडिलांसकट पूर्ण होते, कारण डी.एड. झालेली गावातली मी पहिली मुलगी. शिक्षणाचा असाही उपयोग होतो, हे मला तेव्हा समजले.

आज हसून लिहिते आहे. तेव्हा हसू येत नव्हते. प्राथमिक शिक्षिकेच्या निवड यादीत माझे नाव लागले होते, पण खटल्याचा निकाल लागेपर्यंत नेमणूक मिळणार नाही, असे तोंडी सांगण्यात आले. जुळत आलेले लग्न मोडले. तीन वर्षे तारखा पडत राहिल्या. माझ्या मागून यादीत आलेल्या मुली शिकवायला लागल्या आणि मी द्राक्षाच्या छाटणीला जाऊ लागले.

आमच्याविरुद्ध खरी साक्ष एकच होती, सगुणाआजींची. मूळच्या मनमाडच्या बाजूच्या. म्हातारपणी लेकीकडे आमच्या गावात राहायला आलेल्या. त्या दिवशी बांधावर बसून त्यांनी सगळे पाहिले होते. गावातल्या कोणत्याच भावकीच्या नसल्याने पोलिसांनी त्यांचा जबाब घेतला, आणि त्यात लिहिले होते, 'लोकांनी मोठा राडा केला व मुकादमास आडवे केले.' कोर्टात सरकारी वकिलांनी विचारले, "आजी, राडा झाला होता ना?" आजी म्हणाल्या, "झाला व्हता की! लय राडा झाला व्हता. समदी आडवी झाली. ह्यो मुकादम बी आडवा झाला."

आमच्या वकील नीलिमाताई. हुशार, पण शहरात वाढलेल्या. त्यांनी उलटतपासणीच घेतली नाही. म्हणाल्या, "जास्त विचारलं तर जास्त सांगेल." ते ऐकून गावही पेटले. ज्या म्हातारीला आम्ही आमच्या हौदावर पाणी भरू दिले, ती आमच्यावर उलटली, असे सर्वांना वाटले. त्या दिवसापासून गावात कोणी सगुणाआजींशी बोलेनासे झाले. मीही नाही.

खटल्यात आमच्या बाजूने सांगण्यासारखे काही उरले नव्हते, अशा वेळी एका सकाळी मी नाशिकला नीलिमाताईंच्या ऑफिसात बसले होते. तेवढ्यात एक बाई आल्या. सुती पातळ, पायात रबरी चप्पल, हातात मेथीच्या दोन जुड्या. मला वाटले, भाजीवाल्या असाव्यात. तो अंदाज अगदीच चुकीचा नव्हता. मखमलाबादच्या बाजूला पुंडांचा भाजीचा मळा आहे, आणि आजही बाई कुणाकडे रिकाम्या हाताने जात नाहीत. नीलिमाताई उठून उभ्या राहिल्या, तेव्हा मला कळले की या त्यांच्या शाळेतल्या मराठीच्या बाई.

नीलिमाताई चहा सांगायला आत गेल्या. बाईंना एक सवय आहे. समोर अक्षर दिसले की त्या वाचतात. पुडीचा कागद असो, एसटीच्या मागची पाटी असो. टेबलावर आमच्या खटल्याची फाइल उघडी होती. ती त्यांनी उलट्या बाजूनेच वाचायला सुरुवात केली. मग सरळ हातात घेतली. नीलिमाताई परत आल्या तोच बाई म्हणाल्या,

"नीलिमा, या आजी कुठल्या गं?"

"मनमाडकडच्या. का हो बाई?"

"आणि हा जबाब ज्या हवालदारांनी लिहून घेतला, ते?"

"ते मला काय माहीत!"

"माहीत हवं," असे म्हणून बाई माझ्याकडे वळल्या. "त्या दिवशी जमीन कशी होती?"

"कशी म्हणजे? पाइप फुटलेला. सगळा गारा झाला होता."

"गारा! तुमच्याकडे चिखलाला गारा म्हणतात?" त्यांचा चेहरा उजळला. पिशवीतून पोस्टकार्डाच्या आकाराची कोरी चिठ्ठी काढून त्या लिहू लागल्या. मला राग आला. माझ्या आयुष्याचा गारा झाला होता आणि या बाई शब्द लिहून घेत होत्या.

चिठ्ठी ठेवल्यावर त्या म्हणाल्या, "नीलिमा, जबाबात आहे 'राडा केला'. कोर्टात आजी म्हणाल्या 'राडा झाला'. हे दोन वेगळे राडे आहेत. भांडणाचा राडा माणसं करतात. चिखलाचा राडा होतो."

नीलिमाताईंनी फाइल पुन्हा स्वतःकडे ओढली.

"अगं, राड म्हणजे चिखल, राडा म्हणजे चिखल. घर पाडल्यावर राडारोडा म्हणतोस की नाही? चिखलाचा राडा, मग घाणीचा, पसाऱ्याचा राडा, आणि मग माणसांनी एकमेकांत घातलेला तो राडा. वर्तमानपत्रांनी शेवटचा अर्थ उचलला आणि तुम्ही सगळे तोच वाचत मोठे झालात. या आजी वर्तमानपत्र वाचतात का?"

आजींना सहीसुद्धा करता येत नव्हती. जबाबावर अंगठा होता.

नीलिमाताई ताडकन उठल्या. "चला बाई, आत्ताच्या आत्ता आजींना भेटू. त्यांच्याकडूनच वदवून घेऊ."

"मुळीच नाही," बाई म्हणाल्या. "साक्षीदाराला मी भेटणार नाही. उद्या कोर्टात कोणी विचारलं, तर मला खोटं बोलता येत नाही. आणि मी शिकवलं म्हणून आजी बोलल्या, असं कोणी म्हटलं तर खरा शब्दसुद्धा खोटा ठरेल. मी त्यांच्या माहेरी जाईन. तिथं हा शब्द जिवंत असेल तर भेटेल." मग मला म्हणाल्या, "तू येतेस का? ऐकायला दुसरा कान लागतो. मात्र दिवसभर तोंड उघडायचं नाही."

दुसऱ्या आठवड्यात आम्ही नाशिकहून मनमाडची एसटी धरली आणि तिथून दुसरी गाडी करून आजींच्या माहेरगावी पोहोचलो. बाई थेट हापशाजवळच्या लिंबाखाली जाऊन बसल्या. पाण्याला आलेल्या बायकांशी त्यांनी कांद्याच्या गप्पा मारल्या, बाजरीच्या मारल्या, सुनांच्या मारल्या. मला वाटले, आता विचारतील, मग विचारतील. दुपार झाली तरी त्यांनी राड्याचे नाव काढले नाही. भाकरी खाताना मी हळूच म्हटले, "बाई, सरळ विचारा ना." त्यांनी बोट ओठावर ठेवले आणि मग कुजबुजल्या, "विचारलं की माणूस आपल्याला हवा असेल तो शब्द देतो. पाहुणचार म्हणून देतो. शब्द आपल्या पायांनी आला पाहिजे."

तो उन्हे कलल्यावर आला. बाई पाय मोकळे करायला उठल्या आणि हापशाच्या मागच्या बाजूला निघाल्या. तशी एक बाई डोक्यावरचा हंडा सावरत ओरडली, "ओ मास्तरीणबाई! तिकडून नका जाऊ. लय राडा झालाय तिथं, पडशाल!"

बाई थांबल्या. माझ्याकडे वळून पाहिले. त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता, तो मी पुढे त्यांच्या पुरस्काराच्या वेळीही पाहिला नाही. आणि मग, खात्री करून घेण्यासाठी म्हणा की आनंदाच्या भरात म्हणा, त्या तशाच सरळ पुढे गेल्या आणि धपकन पडल्या. बायका धावल्या. चिखलात बसल्या बसल्या बाईंनी पहिले वाक्य उच्चारले ते असे: "मंगल, चिठ्ठी!"

गाव, दिवस, वेळ, बोलणारीचे नाव आणि वय, तिचे वाक्य जसेच्या तसे. सगळे त्यांनी तिथेच लिहिले. चिठ्ठीच्या कोपऱ्यावर चिखलाचा अंगठा उमटला. त्या बायकांनी हापशावर बाईंचे पातळ धुतले, एकीने आपले लुगडे नेसायला दिले, आणि तेच नेसून बाई नाशिकला परतल्या. पुढच्या महिन्यात ते लुगडे धुऊन, इस्त्री करून, मळ्यातल्या वांग्यांसह त्या स्वतः परत करून आल्या.

विशिष्ट भागात किंवा विशिष्ट लोकांत चालणाऱ्या शब्दांचा अर्थ सांगायला जाणकार माणसाला साक्षीसाठी बोलावता येते, अशी कायद्यात सोय आहे. नीलिमाताईंनी ती शोधून काढली आणि बाई बचाव पक्षाच्या साक्षीदार म्हणून उभ्या राहिल्या. त्यांनी चिठ्ठी दाखवली, शब्दाचा प्रवास सांगितला, 'झाला' आणि 'केला' यांतला फरक सांगितला. आम्ही अकरा जण मागे उभे होतो. तीन वर्षांत पहिल्यांदा मला मोकळा श्वास आल्यासारखे वाटले.

मग सरकारी वकील उठले. ते गृहस्थ तयारी करून आले होते.

"बाई, हिंदीत, राजस्थानच्या बाजूला, राड म्हणजे भांडण, तंटा. खरं की नाही?"

"खरं आहे," बाई म्हणाल्या.

"मग मराठीतला राडा तिथूनही आलेला असू शकतो?"

"असू शकतो. चिखलाचा राडा आणि भांडणाचा राडा, दोघांचं मूळ एकच की वेगळं, हे मला ठामपणे सांगता येणार नाही."

"म्हणजे या साक्षीदाराच्या तोंडी राडा म्हणजे मारामारी असू शकते?"

"असू शकते."

शेजारी उभे असलेले आमचे किसनकाका पुटपुटले, "ही बाय आपल्याकडून हाय का त्यांच्याकडून?" नीलिमाताईंनी डोळे मिटून घेतले होते.

सरकारी वकिलांना चेव आला. "तुम्ही त्या गावी गेलात तेव्हा सोबत कोण होतं?"

"आरोपी क्रमांक सात."

कोर्टात कुजबुज झाली. "म्हणजे आरोपीला घेऊन पुरावा गोळा केलात!"

"हो. पण मी तिला बोलायची बंदी केली होती आणि ती दिवसभर गप्प बसली. तिला ते फार जड गेलं," बाई म्हणाल्या. न्यायाधीशांना हसू आवरेना. त्यांनी मान खाली घालून काहीतरी लिहिल्यासारखे केले.

मग त्यांनीच विचारले, "बाई, तुम्ही म्हणता, दोन्ही अर्थ शक्य आहेत. मग कोर्टानं ठरवायचं कसं?"

"साहेब, शब्दाचा अर्थ पुस्तकात शोधायच्या आधी बोलणाऱ्याला विचारावा. आजींना तुम्हीच विचारा. मी त्यांना आजवर भेटलेले नाही."

आज मला कळते, बाईंनी तिथे 'नाही, असू शकत नाही' एवढे म्हटले असते, तर त्यांची सगळी साक्ष एका आरोपीच्या मैत्रिणीची साक्ष ठरली असती. त्या स्वतःच्या बाजूला तोटा होईल ते सत्यही सांगतात, हे न्यायाधीशांनी पाहिले आणि पुढच्या तारखेला सगुणाआजींना पुन्हा बोलावले.

आजी आल्या. एकट्याच आल्या, कारण गावातले कोणी त्यांच्यासोबत एसटीत बसत नव्हते. न्यायाधीशांनी स्वतः विचारले,

"आजी, त्या दिवशी राडा झाला होता म्हणालात. किती राडा झाला होता?"

आजींनी वाकून हाताने दाखवले. "इथवर. गुडघ्याइतका."

कोर्ट हसले. शिपाईही हसले. आजींना वाटले, आपल्यावर विश्वास बसला नाही. त्या घाईने म्हणाल्या, "खरंच साहेब! बांधावरनं खाली उतरले तर माझी एक चप्पल त्याच्यातच गेली. अजून घावली नाय."

"मुकादमाला कोणी मारलं का?"

"कोन मारतंय? जो तो पडत व्हता. ही पोरगी," आजींनी माझ्याकडे बोट केले, "ही त्याला उठवाया गेली आन् तीच त्याच्या अंगावर पडली."

हे शेवटचे खरे होते. मी तीन वर्षांत कुणाला सांगितले नव्हते.

आम्ही सुटलो. निकालपत्रात 'झाला' आणि 'केला' यांवर एक स्वतंत्र परिच्छेद आहे. मी तो वर्गात व्याकरण शिकवताना वाचून दाखवते.

पण बाईंचा खरा मोठेपणा मला कोर्टात दिसला नाही. तो दिसला दुसऱ्या दिवशी, आम्ही पेढे घेऊन त्यांच्या मळ्यावर गेलो तेव्हा. बाई कोथिंबीर निवडत होत्या. त्यांनी पेढ्याचा पुडा हातात घेतला नाही.

"सगुणाबाईंना दिलेत का?"

किसनकाका चुळबुळत म्हणाले, "बाई, आम्ही तिच्याशी बोलत नव्हतो ना, इतके दिस..."

बाईंचा आवाज चढला नाही. "तुम्ही अकरा जण निर्दोष सुटलात. छान झालं. त्या म्हातारीवर तर खटलासुद्धा चालला नाही, थेट शिक्षाच. तिला कोण सोडवणार? मी सोडवू शकत नाही. माझ्याकडे फक्त शब्दाचा अर्थ होता."

पेढे घेऊन आम्ही तसेच गावी परतलो, तेव्हा सगुणाआजी गुरांच्या गोठ्याशेजारी बसल्या होत्या. मी समोर जाऊन उभी राहिले आणि म्हटले, "आजी, आम्ही चुकलो."

त्यांनी सरकून मला बसायला जागा केली. मग म्हणाल्या, "मी तुमच्याच बाजूनं बोलले व्हते गं. समदी चिखलात आडवी झाली, येवढंच सांगितलं. मंग समद्यांनी तोंड फिरवलं. इतके दिस मी इचार करीत व्हते, आपुन काय वंगाळ बोललो."

मला रडू आवरले नाही. त्यांनीच मला जवळ घेतले. त्यांना रागवायचा पूर्ण हक्क होता, पण त्यांना राग नव्हताच. फक्त कोडे पडले होते, आणि ते उलगडल्याचा आनंद झाला होता. त्या संध्याकाळी माझ्या आईने त्यांना हौदावर नेले आणि सगळ्या बायकांच्या आधी त्यांचा हंडा भरला. पुढे आजी आणखी सहा-सात वर्षे जगल्या आणि माझ्या लग्नात त्यांनी मांडवाखाली बसून मोठमोठ्याने उखाणे घेतले.

मला नेमणूक मिळाली ती पेठच्या डोंगरात, जिथे पावसाळ्यात एसटी येईल तेव्हा येते. बाईंनी निरोपाला मला कोऱ्या चिठ्ठ्यांचा एक गठ्ठा दिला. पहिल्याच वर्षी एका मुलीने निबंधात लिहिले, 'आई झिऱ्यावर गेली.' मी लाल शाईने 'झऱ्यावर' असे दुरुस्त केले आणि माझी कर्तबगारी बाईंना पत्रातून कळवली. उलट टपाली उत्तर आले: "झरा आपोआप वाहतो. झिरा नदीच्या वाळूत खणावा लागतो आणि पाणी साचायची वाट पाहावी लागते. त्या मुलीची आई रोज खणते आहे, आणि तू तिला वाहते पाणी देऊन मोकळी झालीस. मुलीची माफी माग." मी वर्गासमोर माफी मागितली. त्यानंतर गेल्या दहा-बारा वर्षांत मी मुलांच्या शब्दावर लाल रेघ मारण्याआधी विचारते, 'हे तुमच्याकडे कशाला म्हणतात?' माझ्या वर्गातली मुले बोलकी आहेत असे तपासणीला येणारे साहेब म्हणतात. ती पूर्वीही बोलकीच होती.

बाईंचा काटेकोरपणा आप्त-परके पाहत नाही. मधे एकदा रंगपंचमीच्या सुमारास एका सभेत पाहुण्यांनी मोठ्या अभिमानाने सांगितले की, राडा हा शब्द आपल्या नाशिकचाच. जुन्या नाशकात रंगपंचमीला रंगाच्या पाण्याने भरतात त्या रहाडीवरून तो आला. टाळ्या पडल्या. आम्हालाही ते पटले. लोक त्या हौदात उड्या मारतात, धमाल करतात, आणखी काय हवे? अध्यक्षस्थानी बाई होत्या. त्या म्हणाल्या, "ऐकायला गोड आहे आणि मी नाशिकची आहे, मला आवडलंही असतं. पण माझ्याकडे पुरावा नाही. जुळतंय म्हणून खरं मानायचं नसतं." पाहुणे जरा हिरमुसले. सभा संपल्यावर बाईंनी त्यांना घरी जेवायला नेले आणि जेवताना त्यांच्या गावाकडचे अकरा शब्द काढून घेतले. जाताना पाहुणे अगदी खुशीत होते.

त्यांच्या या नादाचा त्रासही होतो, हे प्रामाणिकपणे नोंदवायला हवे. एकदा त्र्यंबकहून येताना आमच्या एसटीत जागेवरून दोन प्रवाशांची जुंपली. शिव्या सुरू झाल्या. बाई उठून मधे गेल्या. मला वाटले, भांडण सोडवतील. त्या एकाला म्हणाल्या, "तुम्ही आत्ता काय म्हणालात, ते परत म्हणता का? तुम्ही मूळचे कुठले?" तो माणूस गांगरला. "बाई, ती शिवी हाय." "ते कळलं हो, पण ती तुमच्या गावाकडची का इकडं शिकलात?" सगळी गाडी हसायला लागली. दुसराही हसला, आणि ते दोघे शेवटी एकाच बाकावर बसून बाईंना शिव्यांची कुळकथा सांगत नाशिकपर्यंत आले. हुल्लड, बखेडा, धिंगाणा, धुमश्चक्री, हलकल्लोळ: भांडणाच्या एवढ्या शब्दांत हयात घालवलेल्या या बाईंना मी स्वतः मात्र कधी कुणाशी भांडताना पाहिले नाही.

गेली काही वर्षे बाई जमवलेल्या चिठ्ठ्यांचा कोश करत आहेत. डोळ्यांचे ऑपरेशन झाले आहे, गुडघे कुरकुरतात, मळा आता भाचे बघतात. पण सकाळी कामाला बसायची वेळ चुकत नाही. सध्या त्या 'प'वर आहेत आणि 'प' काही हलत नाही. "पाण्याचेच दोनशे निघालेत गं," अशी तक्रार त्या इतक्या आनंदाने करतात की ऐकणाऱ्याला हेवा वाटावा.

हा लेख पुरा करायच्या आधी काही तपशील पडताळायला मी त्यांना फोन केला. अशा लेखाच्या शेवटी दीर्घायुष्य चिंतायचे असते, तसे मी लिहिले आहे, हेही सांगितले.

"दीर्घ म्हणजे किती?" बाईंनी विचारले.

"म्हणजे... खूप, बाई."

"मोघम लिहू नकोस. मी हिशेब केलाय. 'ज्ञ'पर्यंत जायला नऊ वर्षं लागतील. मग पुरवणी. पुरवणीला पाच धर. छापून येईपर्यंत दोन. आणि नंतर चुका कळवणाऱ्यांना उत्तरं द्यायला निदान चार तरी हवीत."

म्हणून बाईंच्या सूचनेनुसार नेमके लिहिते. आदरणीय विमलबाईंना आणखी किमान वीस वर्षांचे, शाबूत कानांचे, चालत्या गुडघ्यांचे आणि भरपूर बोलणाऱ्या माणसांच्या सहवासाचे आयुष्य लाभो. चुका कळवणाऱ्यांत माझा पहिला नंबर असेल. चार वर्षे पुरणार नाहीत, असा मी पूर्ण प्रयत्न करीन.